गळ्याशी आलेला उजेड

नारायणगावच्या बाजारात उद्या टोमॅटोचं क्रेट कितीला जाईल आणि शेजाऱ्याच्या दुखण्यावर काय चालेल, या दोन विषयांवर मत नसलेला माणूस आमच्या भागात सापडणं अवघड. भाव चुकला तर माणूस चार दिवस तोंड चुकवून हिंडतो. औषध चुकलं तर तेवढंही करत नाही, दुसरं सांगतो. गुडघेदुखी, मूळव्याध, मुतखडा यांवरचे उपाय तर आळेफाट्याला एसटीची वाट बघता बघता पदरात पडतात, तेही न विचारता. थायरॉईडची मात्र पंचाईत आहे. माझ्या थायरॉईडला ना सूज, ना ठणका. त्याला प्लास्टर घालता येत नाही, टाके पडत नाहीत. बघायला येणाऱ्याने शहाळं आणायचं की नुसतंच यायचं, हे त्यालाही कळत नाही आणि आपल्यालाही.

त्यातून हा आजार बायकांचा, अशी सगळ्यांची ठाम समजूत. बायकांमध्ये तो कितीतरी जास्त आढळतो हे खरं, पण पुरुषालाही गळा असतो एवढं तरी लोकांनी मान्य करावं. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, राहायला आंबेगाव तालुक्यात कळंबला. मंचरच्या लॅबमधल्या मुलीने रिपोर्टचं पाकीट हातात धरून माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं आणि विचारलं, "मॅडम नाही आल्या?" पाकिटावर नाव माझं होतं. तिने ते पुन्हा वाचलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज उतरवून म्हणाली, "असू दे काका, होतं असं."

लक्षणं म्हणाल तर थकवा, थंडी, बद्धकोष्ठ, वाढतं वजन, कोरडी कातडी, जड आवाज, विसरभोळेपणा आणि सगळ्याच बाबतीत दिरंगाई. मार्च महिन्यात मी माकडटोपी घालून मंचरच्या बाजारात हिंडत होतो. इतकी वर्षं घरात ज्याला आळस म्हणत होते त्याला एकदाचं डॉक्टरी नाव मिळालं, म्हणून मी आतून सुखावलो होतो. आईने ते सुख टिकू दिलं नाही. "हा पहिलीत होता तेव्हापासून असाच आहे," ती डॉक्टरांना म्हणाली. "तेव्हा कुठं होता तुमचा थायरॉईड?"

रिपोर्टमधला आकडा हे आणखी एक दुखणं. टीएसएच साधारण साडेचारच्या आत असावा. माझा चौदाच्या पुढे गेला होता. आकडा वाढलाय म्हणजे थायरॉईड जास्त झालाय, असं घरात एकमताने ठरलं. मला राहवलं नाही. मेंदूच्या तळाशी पीयूषिका नावाची ग्रंथी असते, ती गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते, असा तास मी सुरू केला. मुख्याध्यापक शिपायाला हाक मारतात. शिपाई उठला नाही की हाक मोठी होते. टीएसएच म्हणजे ती हाक. आकडा मोठा, म्हणजे शिपाई झोपलेला.

"म्हणजे शिपाई तू," आई म्हणाली, आणि तास संपला.

डॉक्टरांनी लेव्होथायरॉक्सिनची गोळी लिहून दिली. इवलीशी, पांढरी, दिवसाला दोन रुपयांच्या आतबाहेर. सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यायची, बहुधा जन्मभर. दोन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचं, कारण हे औषध अंगात सावकाश मुरतं आणि पीयूषिकेलाही आवाज खाली आणायला वेळ लागतो. संपलं. एवढंच.

इथेच सगळी गोची आहे. दोन रुपयांत भागणाऱ्या आजाराला आमच्याकडे आजार म्हणत नाहीत. "सलाईन लावलं का?" हा पहिला प्रश्न. नाही म्हटलं की समोरच्याच्या चेहऱ्यावरची काळजी निघून जाते. "मग इंजेक्शन तरी?" तेही नाही म्हटलं की तो खुर्ची पुढे ओढतो आणि स्वतःचा इलाज सुरू करतो.

खरं तर या गोळीला मान मिळायला हवा. १८९१ साली इंग्लंडात न्यूकॅसलला जॉर्ज मरे नावाच्या डॉक्टरने मेंढीच्या थायरॉईडचा अर्क काढून एका बाईंना टोचला. बाईंची अवस्था वाईट होती. त्या पुढे अठ्ठावीस वर्षं जगल्या आणि १९१९ मध्ये, चौऱ्याहत्तराव्या वर्षी गेल्या. तेवढ्या काळात त्यांच्यापायी ८७० हून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी खर्ची पडल्या. आमच्या शेतात खतासाठी धनगर मेंढ्या बसवतात, तेव्हा मी बांधावर उभा राहून मनातल्या मनात हिशेब करतो की एका गुरुजीला जागं ठेवायला यातल्या किती लागल्या असत्या. १९२७ मध्ये थायरॉक्सिन प्रयोगशाळेत बनवता आलं आणि मेंढ्यांचा जीव भांड्यात पडला. हे सगळं मी लोकांना सांगून पाहिलं. त्यातून "गुरुजींना मेंढीचं औषध चालू आहे" एवढीच बातमी पेठपर्यंत पोचली.

मग इलाज येऊ लागले. डिंभे धरणाच्या वर, भीमाशंकरच्या अंगाला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी बाळहिरड्याची पुरचुंडी घेऊन आला. तिकडच्या माणसाच्या हातात हिरड्यावर चार पैसे येतात, तेव्हा ती भेट मोलाची होती. बद्धकोष्ठावर तिने चोख काम केलं. थायरॉईडने दखल घेतली नाही. व्याह्यांनी आयोडीनचं मीठ बंद करून सैंधव खायचा सल्ला दिला. गलगंड हटावा म्हणून सरकारने १९६२ पासून मिठात आयोडीन घालायचा खटाटोप केला आणि आमचे व्याही ते काढायला निघाले. मेहुणीने धन्याचं पाणी सांगितलं. योगवर्गाच्या बाईंनी सिंहासन सुचवलं, म्हणजे जीभ बाहेर काढून गर्जना करायची. पहाटे ओट्यावर बसून गर्जना करणाऱ्या माणसाकडे बिबट्याच्या मुलखात लोक निराळ्या नजरेने पाहतात. दुसऱ्याच दिवशी वनखात्याला फोन लावायचा का, अशी वस्तीवर चर्चा झाली आणि मी ते आसन सोडलं.

कोबी-फ्लॉवर वर्ज्य, असंही कुणीतरी सांगितलं. शेजारच्या मळ्यातून आलेला कोबीचा गड्डा बायकोने परत पाठवला. तिकडून निरोप आला, "फवारणीचा नाही, घरी खायच्या सरीतला आहे." शिजवलेला कोबी बेताने खाल्ला तर बिघडत नाही, असं डॉक्टरांनी सांगेपर्यंत दोन्ही घरांतलं बोलणं बंद झालं होतं.

अशा वेळी पुतण्याने दिवा आणला.

पुतण्या चाकणला कंपनीत आहे. शनिवारी येतो, रविवारी आमच्या घरात सुधारणा करतो आणि सोमवारी जातो. पाण्याच्या टाकीचा भोंगा, दाराचा कॅमेरा आणि आईच्या मोबाइलमधला पंढरपूरचा विठ्ठल या त्याच्या याआधीच्या सुधारणा. या खेपेला खोक्यातून निघालं ते पाटाएवढं काळं पत्र्याचं पॅनेल, मागे बारका पंखा, पुढे दाटीवाटीने लावलेले एलईडी आणि काळ्याकुट्ट गॉगलच्या दोन जोड्या. "नाना, रेड लाइट थेरपी. पेशींमधल्या मायटोकाँड्रियाला ऊर्जा मिळते. बाहेर सगळे घेतायत." किंमत त्याने सांगितली नाही. खोक्यावरचं लेबल नखाने खरवडलेलं होतं, त्यावरून अंदाज आला.

पॅनेल टांगायला भिंतीवर एकच खिळा होता आणि त्यावर कालनिर्णय होतं. कालनिर्णयवर दुधाचा हिशेब, गॅसची टाकी लावल्याची तारीख, गाय भरवल्याची तारीख आणि भिशीचा नंबर. ते काढून दिवा लावायचा म्हणजे घराचं दप्तर हलवायचं. बायको म्हणाली, "तुमच्या गळ्यासाठी मी गाईची तारीख विसरायची का?" शेवटी कालनिर्णय देवघराच्या दाराला आणि दिवा त्याच्या जागी, अशी तडजोड झाली.

बटण दाबलं. खोली लालभडक झाली आणि आई पटकन म्हणाली, "अर्धे दिवे गेलेले आहेत."

खरंच होतं. एकाआड एक दिवे नीट लागलेले, बाकीचे जवळजवळ विझलेले. पुतण्याचा चेहरा पडला. त्याने लगेच विकणाऱ्यांच्या ग्राहकसेवेला फोन लावला. बराच वेळ वाद्यसंगीत ऐकल्यावर पलीकडून उत्तर आलं की दिवे चालूच आहेत. निम्मे ६६० नॅनोमीटरचे, ते लाल दिसतात, आणि निम्मे ८५० नॅनोमीटरचे, ते अवरक्त, म्हणजे माणसाच्या डोळ्याला दिसत नाहीत. पुतण्याने मोबाइलचा कॅमेरा पॅनेलसमोर धरला. पडद्यावर ते मेलेले दिवे जांभळट पांढरे उजळलेले दिसले. टीव्हीच्या रिमोटचं टोक कॅमेऱ्यातून पाहिलं तर असंच दिसतं. घरात लहान मूल असेल तर त्याला हा खेळ जरूर दाखवावा. आईने मोबाइलमध्ये पाहिलं, मग पॅनेलकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. "न दिसणाऱ्या दिव्यांचे पण पैसे घेतले का रे?"

आता हा उजेड अगदीच थोतांड आहे, असं मी म्हणणार नाही. रंगीत उजेडाने रोग घालवायच्या धंद्यात आपल्या मुंबईचं नाव मात्र जरा भलत्या कारणाने झालेलं आहे. दिनशा घडियाली, जन्म मुंबईचा, १८७३ चा. हे पारशी गृहस्थ अमेरिकेत गेले आणि १९२० मध्ये त्यांनी 'स्पेक्ट्रो-क्रोम' नावाचं यंत्र काढलं. पेटीत १००० वॉटचा दिवा, त्यापुढे रंगीत काचा. रोग कुठलाही असो, रुग्णाने अंगावर काही न ठेवता, चंद्राच्या गतीवरून काढलेल्या वेळी त्या उजेडात बसायचं. यंत्रं धडाक्याने खपली. सरकार मागे लागलं, खटला उभा राहिला आणि १९४७ मध्ये त्यांना २०,००० डॉलर दंड झाला. हे मी घरात मोठ्याने वाचून दाखवलं. पुतण्याने एवढंच विचारलं, "नाना, पण आपल्याला शर्ट काढायचा नाहीये ना?"

दुसरी बाजूही आहे. डेन्मार्कच्या नील्स फिन्सेनला १९०३ चं नोबेल मिळालं ते उजेडाने कातडीचा क्षय बरा केल्याबद्दल. नवजात बाळाची कावीळ निळ्या उजेडाने उतरते. आमच्याकडे घरटी एखादं पोर तरी दवाखान्यातल्या त्या पेटीत डोळ्यांना पट्टी बांधून झोपलेलं आहे. आईचं शास्त्र तिथूनच निघतं: निळ्याने कावीळ जाते तर लालने काहीतरी जात असणारच. वाटेवरचे शेवंतीवाले तिच्या मदतीला आले. शेवंती लांब रात्रींची राणी. रात्री मध्येच शेतात दिवे लावले की तिला रात्र लांबल्याचं कळतच नाही आणि ती कळ्या धरायचं पुढे ढकलते. बाजाराच्या हिशेबाने फूल मागेपुढे करता येतं. त्यातही लाल उजेड तिला सगळ्यात जास्त कळतो. "झाडाला कळतं गुरुजी, तुम्हाला नाय कळणार व्हय?" असं एकाने छातीठोकपणे विचारलं. मी म्हटलं, बाबा, त्या उजेडाने झाड काम पुढे ढकलायला लागतं ना? ते मला आधीच येतं.

आणि थायरॉईडवरचाच प्रयोग हवा असेल तर तोही आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलोच्या डॉक्टरांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. रुग्ण ४३, सगळे हाशिमोटोचे, म्हणजे शरीराचीच संरक्षक फौज थायरॉईडवर उलटलेली. (जपानच्या हाशिमोटोंनी हे १९१२ मध्ये ओळखलं, माझ्या थायरॉईडचं मूळही तेच.) त्यातल्या २३ जणांच्या गळ्यावर १० वेळा लेसर टाकला, बाकीच्यांवर नुसतं नाटक केलं. नऊ महिन्यांनी लेसरवाल्या २३ पैकी ११ जणांना गोळीची गरज उरली नव्हती. वाचून मीही खुर्चीत सरळ बसलो. मग पुढचं वाचलं. तो ८३० नॅनोमीटरचा लेसर होता, दवाखान्यात, ग्रंथीवर जागा नेमून, मोजून टाकलेला. आमचं पॅनेल गळा, भिंत, देवघर आणि आईचा तांब्या, सगळ्यांवर सारखाच उजेड पाडत होतं. आणि ८३० म्हणजे पुन्हा न दिसणारा उजेड! पुराव्याचा जो काही धागा आहे तो अवरक्त दिव्यांच्या बाजूचा, आणि आमच्या घरात ज्याचा दरारा होता तो लाल नुसता शोभेला. त्यात ४३ हा आकडा केवढा? माझ्या चौथीच्या वर्गात त्याहून जास्त पोरं असायची आणि त्यांच्यावरून मी कधी देशाचं भवितव्य ठरवलं नाही. मंचरच्या डॉक्टरांनी तर दोनच वाक्यांत निकाल लावला: "दिव्यासमोर बसायचं तर बसा. गोळी बंद केलीत तर माझ्यासमोर बसू नका."

तर असं वेळापत्रक बसलं. पहाटे पाचला उठायचं, गोळी घ्यायची आणि गॉगल लावून, गळा पुढे काढून दिव्यासमोर वीस मिनिटं. थंडीचे दिवस, बाहेर मिट्ट काळोख आणि आमची एकच खिडकी लाल.

शेतीपंपाची थ्री-फेज वीज ज्या आठवड्यात रात्रीची असते त्या आठवड्यात शेजारच्या मळ्यातले भाऊ पहाटे पाणी धरून परत येतात. एका हातात बॅटरी, दुसऱ्यात काठी, खिशात मोबाइलवर मोठ्याने लावलेलं भजन. बिबट्याला माणूस येतोय हे आधी कळावं म्हणून. उसाच्या कडेने चालताना माणूस या दिवसांत स्वतःच्या मानेला फार जपतो आणि त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यांनी लाल खिडकी पाहिली, भजन बंद केलं आणि लांबूनच हाक दिली, "गुरुजी! आत कोण हाय?" मी गॉगलसकट खिडकीत गेलो. त्यांची काठी खाली पडल्याचा आवाज मी स्पष्ट ऐकला. कोबीपासून बंद पडलेलं बोलणं त्या पहाटे पुन्हा सुरू झालं, ही दिव्याची पहिली आणि निर्विवाद कामगिरी.

दिवस वर येईपर्यंत गावात तीन मतं तयार होती. गुरुजींनी देवऋषी बसवलाय, गुरुजींनी जुन्या पद्धतीने फोटो धुवायला घेतलेत, आणि तिसरं मत बायकोसमोर कुणी बोललं नाही. आंबेगावला लाल दिव्याचं अप्रूप नाही. तालुक्याने मंत्रिपदं पुष्कळ पाहिली. १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्या गाड्यांवरचेही लाल दिवे उतरलेले, म्हणून पानटपरीवर कुणीतरी म्हणालं, "काढलेले दिवे गेले कुठं, त्याचा आत्ता तपास लागला." जुन्नरकडचे पाहुणे जास्त उदार. त्यांच्या तालुक्यात आळ्याला, ज्ञानेश्वरांनी ज्याच्या तोंडून वेद वदवले त्या रेड्याची समाधी आहे. तिथला माणूस कशालाही एकदम नाही म्हणत नाही.

सगळ्यात गंभीर हरकत खोडदहून आली. आमचे एक नातेवाईक त्या बाजूला राहतात. खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण, ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, आणि आकाशातल्या अतिक्षीण लहरी ऐकायच्या म्हणून आसपास विजेच्या उपकरणांचा गोंगाट नको, हे तिकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. नातेवाईक म्हणाले, तुमच्या दिव्याने दुर्बिणीला त्रास होईल. मी हसलो, पण थोडी चौकशी केल्यावर हसू आवरलं. दिव्याच्या उजेडाशी दुर्बिणीला देणंघेणं नाही. स्वस्तातल्या एलईडीच्या वीजपुरवठ्यातून मात्र रेडिओची खरखर निघू शकते. कळंब तिथून बरंच लांब आहे, त्यामुळे विश्वाचं काम अडलं नाही. आईचा ट्रान्झिस्टर मात्र पहाटेच्या भक्तिगीतांना खरखरू लागला आणि दिव्याला घरातली पहिली विरोधक मिळाली.

तिला वळवलं पोल्ट्रीवाल्याने. वस्तीच्या वर त्याचं शेड आहे. त्याने येऊन दिवा पाहिला आणि धंद्याच्या नजरेने मान हलवली. लाल उजेडात कोंबड्या एकमेकींना टोचत नाहीत, त्याने सांगितलं. एकीच्या अंगावर रक्त दिसलं की बाकीच्या तुटून पडतात. लाल उजेडात रक्त वेगळं दिसतच नाही, भांडण मिटतं. त्याचा इलाज मी निमूट ऐकून घेतला आणि घरात काय चाललंय ते जरा नीट पाहू लागलो.

आई गुडघा घेऊन यायला लागली होती. "तुझा गळा वर, माझा गुडघा खाली, उजेड वाया कशाला घालवायचा?" तिच्यामागे बायको टाचेची भेग घेऊन. मग शेजारच्या काकी खांदा घेऊन. गॉगल दोनच, त्यामुळे बाकीच्यांनी डोळ्यांवर पदर घ्यायचा. डोळे बंद, हात रिकामे, मोबाइल बघता येत नाही, कुणाचं तोंड दिसत नाही. अशा अवस्थेत आमच्या घरातल्या दोन बायका, ज्यांचं कोथिंबीर निवडण्यावरून फाटतं, त्या पहाटे वीस मिनिटं एका बाकड्यावर शेजारी बसून माहेरच्या गोष्टी करू लागल्या. चाळीस वर्षांपूर्वीच्या मासवडीत सारण कुणाचं चांगलं होतं, हा वाद त्या उजेडात दोघींनीही सोडून दिला. पोल्ट्रीवाल्याचं शास्त्र खोटं नव्हतं.

एकच अडचण होती, चहाची. आमच्या घरात गोळीची आणि चहाची वेळ एक. डॉक्टरांनी उपाशीपोटी सांगितलं होतं ते आम्ही पाळतच होतो. चहा म्हणजे काही खाणं नव्हे. संकष्टीला चालतो, एकादशीला चालतो, तो गोळीला न चालायला काय झालं? गोळी घोटभर पाण्याने, तिच्या पाठोपाठ बायकोची कॅल्शियमची गोळी, "तुम्हीही घ्या, हाडांना बरी," आणि लगेच दुधाचा दाट चहा. दिवा आल्यावर हा क्रम मोडला. गॉगल घातलेल्या माणसाच्या हातात कप देण्याचा प्रयत्न एकदा झाला; तो चहा सोलापुरी चादरीवर गेला. त्यावर फर्मान निघालं: चष्मे उतरल्याशिवाय चूल पेटायची नाही. पुढे बाकड्यावरच्या गप्पा लांबायला लागल्या आणि चहा उजाडल्यावर, कधी तर दूधवाला येऊन गेल्यावर मिळू लागला. कॅल्शियमची गोळी मग कुणाच्या लक्षात राहीना. ती जेवणानंतर गेली.

दोन महिन्यांनी रक्त दिलं. टीएसएच चौदावरून पाचावर आला होता. लॅबमधल्या मुलीने या वेळी पाकीट सरळ माझ्या हातात दिलं. पुतण्याने आकडा पाहिला आणि मंचरच्या चौकातूनच घरच्या ग्रुपवर टाकला, लाल हृदयासकट.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, डोस तोच ठेवला आणि सहज विचारलं, "गोळीनंतर चहा किती वेळाने घेता?" मी दिव्याचं वेळापत्रक सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले. चहा, दूध, कॅल्शियम, लोह, ही सगळी मंडळी पोटात या गोळीच्या वाटेत उभी राहतात, ते म्हणाले. चहाला निदान अर्धा-पाऊण तास थांबायचं आणि कॅल्शियमला चार तास. "मी पहिल्या दिवशी सांगितलं होतं की उपाशीपोटी." आई बरोबर होती. ती म्हणाली, "चहाचं कुठं म्हणाला होतात?" डॉक्टर तिच्याकडे बघत राहिले. त्यांच्या टेबलावर अर्धा प्यायलेला चहा होता.

घरी श्रेयाची वाटणी दोन दिवस चालली. बायकोच्या मते चूल तिने बंद ठेवली, तेव्हा गुण तिचा. पुतण्याच्या मते चूल दिव्यामुळे बंद राहिली, तेव्हा गुण दिव्याचा, आणि तर्काच्या दृष्टीने त्याला उत्तर देणं मला जमलं नाही. शेजारच्या काकींना खांदा हलका वाटतो. आईचा गुडघा आहे तसाच आहे, पण तिला तो आता लाल उजेडाशिवाय दुखायला लागला आहे. गोळीचं नाव कुणी घेतलं नाही. दोन रुपयांत ती बिचारी काय बोलणार?

ग्रुपवरचा निरोप मात्र ओतूरपर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी मावशीचा फोन. तिला थायरॉईड नाही, साखर आहे. "दिवा आठ दिवस इकडं पाठव, तुझं झालंच आहे आता."

मी म्हटलं, "मावशी, दिव्याने नाही गं. गोळी चालूच होती. चहा जरा उशिरा प्यायला लागलो, त्याने फरक पडला."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कुठल्या कंपनीचा चहा?"